टाळ्यांची भुकेली तार

नाटकमंडळ्या बैलगाड्यांतून गावोगाव फिरायच्या, तेव्हाची गोष्ट. एका मंडळीकडे गरुडाचे भलेमोठे पंख होते. आत पक्कडीनं वळवलेला तारेचा सांगाडा, वरून कापड आणि खरी पिसं. पंख पसरले की टाळ्या पडायच्या आणि आतली तार जळफळायची.

"पक्कडमावशी, डोलारा मी सांभाळायचा आणि कौतुक पिसांचं?"

"तू दिसलीस तर लोक म्हणतील, पंख फाटले," पक्कड म्हणाली. "गप आत राहा, बाई."

पण एका गावात, मरता मरता गरुड राक्षसाला भिडला आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले, तेव्हा तारेला राहवेना. तिनं कापड फाडून टोक बाहेर काढलं. ते नेमकं राक्षसाच्या मिशीत अडकलं. राक्षस मागे सरला, मिशी मात्र पंखालाच लोंबत राहिली. रडणारं गाव पोट धरधरून हसलं. शिट्ट्या वाजल्या.

तार फुलून गेली. "शेवटी माझे गुण ओळखले लोकांनी!"

खेळ संपताच संतापलेला राक्षस पक्कड घेऊन आला.

"मावशी, माझ्या सत्काराला आलीस?" तारेनं विचारलं.

"हो तर," पक्कड जबडा उघडत म्हणाली. "हार घालायचाय. मान जरा पुढे कर."