जेवणानंतरची गोळी

"गोळी उपासाला चालत न्हाई, आन् तंबाखू चालती?" महाराजांनी विचारलं.

तळहातावर तंबाखू मळता मळता विश्वंभरचा अंगठा थांबला.

"तंबाखू काय अन्न हाय का महाराज?"

"मंग गोळी अन्न हाय?"

"न्हाई. पर ती जेवणानंतरची हाय. डॉक्टरीणबाईच म्हणल्या, सकाळी जेवणानंतर एक. आता जेवणच न्हाई, तर नंतर कुठून आणायचं?"

मंडपात बसलेली माणसं हसली. मीही हसलो. बोलण्यात विश्वंभरला हरवणं सोपं नव्हतं.

महाराज हसले नाहीत.

नीळगीर महाराजांचा मठ बालाघाटातल्या एका उघड्या टेकडीवर आहे. नवरात्रात तिथे घट बसतो, आणि त्याच्यापुढे पंधरा-वीस माणसं नऊ दिवस उपास धरून बसतात. विश्वंभर त्यांचा म्होरक्या. पन्नाशी उलटलेला, छातीने रुंद, आवाज असा की आरतीला ढोल कमी पडावा. नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहायचा आणि मग राहिल्याचं वर्षभर सांगायचा. उपास त्याचा, अपचन आमचं.

उन्हाळ्यात शिखराला रंग देताना तो शिडीवरून पडला होता. डोक्याला मार लागला म्हणून महाराजांनी त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे डोक्याचा फोटो काढला, तर भलतंच निघालं. मेंदूतली एक रक्तवाहिनी एका जागी फुगली होती, सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा तशी. पडण्याशी तिचा काही संबंध नव्हता. ती आधीचीच होती.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. ऑपरेशनचा नंबर दिवाळीनंतर लागेल. सर्जन एक आणि रांगेत तीन जिल्हे. तोवर रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. तंबाखू आजपासून बंद. आणि कधी दुखलं नाही असं डोकं एकदम दुखलं, तर ती वाहिनी फुटू लागली समजायचं आणि घटकाभरही थांबायचं नाही.

घरात कुणाला असं झालं होतं का, हेही बाईंनी विचारलं होतं. विश्वंभर नाही म्हणाला. फाटकाबाहेर आल्यावर मग म्हणाला, थोरली बहीण पाणी शेंदताना डोकं धरून खाली बसली ती उठलीच नाही, पण तिला तर बाहेरची बाधा होती. महाराज तसेच उन्हातून परत आत गेले होते, बाईंना सांगायला.

एवढं सगळं होऊनही हा गडी नवरात्रात पाण्यावर बसला. महाराजांनी फळं खा म्हणून सांगितलं, दूध घे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, इतक्या वर्षांत ग्लासभर दूध नाही घेतलं, आता घेतलं तर लोक काय म्हणतील?

त्या दिवशी पाचवी माळ होती. विश्वंभर सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. घटापाशी जायचा, खांबाशी यायचा, उजेडाकडे पाठ करून उभा राहायचा. कुणी हाक मारली तर नुसती मान वळवत नव्हता, अख्खाच वळायचा. त्याच्याकडे बघून मलाही बसवेना.

"मानेला काय झालं?" महाराजांनी विचारलं.

"आखडली."

"कधी?"

"तिसऱ्या माळंला. डोकं दुखलं त्या दिवशी."

महाराज उठून उभे राहिले.

"डोकं दुखलं?"

"उपासात दुखतंच की महाराज. पित्त."

"हळूहळू चढलं?"

विश्वंभर अख्खाच घटाकडे वळला.

"विश्वंभर. हळूहळू चढलं का?"

"न्हाई." त्याचा आवाज प्रथमच खाली आला. "आरतीचं ताट उचललं, आन् एकदम. कुणी मागून दांडकं घालावं तसं. डोळ्याफुडं अंधारी आली. वांती झाली. मंग जरा उतरलं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी उठवलं असतं."

आता मंडपात कुणी हसत नव्हतं.

"ऊठ," महाराज म्हणाले. "गाडीत बस."

"घटाला बसलोय महाराज. पारणं झाल्याबिगर येस ओलांडता येत न्हाई." तो पुन्हा येरझाऱ्या घालू लागला. "चार माळा तर राहिल्या. दसऱ्याला घास घेतो आन् तसाच दवाखान्यात जातो. तुमच्या पायाची आण."

"तवर थांबंल ती शीर?"

"देवी थांबवील."

"तुझ्या बहिणीच्या येळंला थांबवलं व्हतं?"

महाराजांच्या तोंडून इतका कडू शब्द मी कधी ऐकला नव्हता. विश्वंभरने देवीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"ती उपास करीत नव्हती," तो म्हणाला.

मला त्याचा संताप आला. सख्खी बहीण, आणि तिच्या मरणावर हा आपल्या उपासाची पताका लावतो! पण रागापेक्षा भीती मोठी होती. त्याचे डोळे लाल झाले होते आणि बोलताना तो एक हात मानेमागे दाबून धरत होता.

महाराज मंडपाबाहेर गेले.

बाहेर पायऱ्यांचं काम चाललं होतं. गवंडी झाडाखाली जेवायला बसले होते. महाराजांनी वाकून एकाकडे काहीतरी मागितलं. गवंडी गोंधळला. मग त्याने फडक्यातली अर्धी भाकरी आणि तिच्यावर ठेचा असं पुढे केलं.

ते घेऊन महाराज आत आले आणि घटासमोर बसले.

मंडपातली माणसं एकदम उभी राहिली.

मठाची रीत जुनी आहे. सगळ्यांचं नवरात्र महाराजांच्या नवरात्राला बांधलेलं. त्यांनी पहिला घास घेतला की सगळ्यांचं पारणं झालं. मग कुणी घटाला बसलेला नाही आणि कुणाला वेशीचं बंधन नाही. म्हणून दसऱ्याला सगळे त्यांच्या हाताकडे डोळे लावून बसतात. आणि महाराजांचं स्वतःचं नवरात्र पोरवयात धरलेलं. तापात मोडलं नाही. आई गेली त्या वर्षीही मोडलं नाही. लांबलांबची माणसं त्यासाठीच त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला येत.

"महाराज, न्हाई!" विश्वंभर ओरडला.

"वरडू नको. हळू बोल."

"मी गोळी घेतो. आत्ता घेतो. पर तुमी..."

"आता नुसत्या गोळीनं भागत न्हाई लेका."

"देवी कोपंल!"

"माझ्यावर कोपंल. तू जीपमदी असशील."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. ठेच्याला लावला. तोंडात घातला.

एक म्हातारी मटकन खाली बसली आणि तिने तोंडाला पदर लावला. मागून कुणीतरी "अरारा" म्हणालं. दोघे-तिघे पाय आपटत मंडपातून निघून गेले. ते पुन्हा मठात आले नाहीत.

महाराज चावत होते. पाच दिवसांचा कोरडा घसा, घास उतरेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्याचं होतं असं मी स्वतःला सांगितलं.

घास उतरला.

"झालं पारणं," ते म्हणाले. "जीप काढा. गाडी सावकाश हाणा. ह्याला आडवा निजवून न्या."

विश्वंभर जागच्या जागी उभा होता. येरझाऱ्या थांबल्या होत्या. आता त्याच्यापाशी एकही कारण उरलं नव्हतं. उरलेल्या भाकरीकडे बघत त्याने हात पुढे केला.

"द्या मंग. मला बी द्या."

महाराजांनी भाकरी मागे घेतली.

"तुला न्हाई."

"का?"

"शिरंत रंग घालून डोक्याचा फोटो काढला तवा तुला उपाशी ठेवलं व्हतं का न्हाई? आजबी ऑपरेशनाला पोट रिकामंच लागंल. डॉक्टर सांगतील तवा खा."

"म्हंजी..." विश्वंभरला कळेना. "मोडलं तुमी, आन् उपाशी मी?"

"व्हय."

त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं आणि अर्ध्यातच मोडलं. तो लहान पोरासारखा रडू लागला.

महाराजांनी हात पुढे केला. विश्वंभरने कनवटीची तंबाखूची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. इतक्या दिवसांत त्याने न वाद घालता केलेलं ते पहिलं काम.

आम्ही चौघांनी त्याला हळू उचलून जीपच्या मागच्या फळीवर निजवलं. मानेखाली घोंगडीची घडी दिली. उन्हाने डोळे दुखतात म्हणाला, म्हणून कुणीतरी त्याच्यावर उपरणं धरलं. गाडी सुरू झाली. वाट दगडांची, दवाखाना दूर, आणि मधले दोन दिवस आधीच वाया गेलेले.

विश्वंभरने फळीपाशी उभ्या महाराजांचं मनगट धरलं. सोडेना.

"माझ्यापायी तुमचं नवरात्र गेलं महाराज. जन्माचं गेलं."

महाराजांनी एकेक बोट उकलून आपला हात सोडवला.

"नवरात्र काय रे," ते म्हणाले, "ते फुडल्या साली परत येतं."