मरूआईचा दगड

रंगारपिंप्रीत शिरलात की चौकातच हा दगड लागतो. त्यावर वेलबुट्टीत कोरलेला क्रूस पाहून पाहुणे विचारतात, इथे ख्रिस्ती वस्ती होती का. वस्ती नव्हती, दोनच माणसे होती. आणि तेव्हा गावही इथे नव्हते. तापीपलीकडे ते पांढऱ्या मातीचे टेकाड दिसते ना, तिथे होते. ते इकडे कसे आले, ते माझ्या आजोबांनी सांगितले तसे सांगतो.

त्या गावात घरोघरी कापड रंगवीत, छापीत. ते विकत घ्यायला सुरतेहून ओहान नावाचा अर्मनी व्यापारी येई. अर्मनी म्हणजे आर्मेनियाचे ख्रिस्ती लोक. त्यांचा मुलूख इराणच्याही पलीकडे. पुढे ओहानने गावातच वखार घातली आणि बायकोला आणले. तिचे नाव मरियम. लोकांच्या तोंडी ती मरूआई झाली. तिला मूलबाळ नव्हते. पण गावात एकही बाळंतीण अशी नसे, की जिच्या उशाशी ती बसली नाही.

एका पावसाळ्यात कुण्या सरदाराची फौज गावे जाळीत निघाली. धडधाकट माणसे वेठीला धरून न्यायची, बाकीची कापायची, अशी त्यांची रीत. शेजारच्या गावाचा धूर दिसू लागला तेव्हा तापीला पूर होता आणि गावची नाव वाहून गेली होती. माणसे काठावर गोळा झाली. काहींनी भीतीने तशाच उड्या टाकल्या. ती माणसे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली.

ते पाहून मरूआईला आजीची गोष्ट आठवली म्हणे. तिच्या आजीचे शहर, जुल्फा, इराणच्या शहाने असेच रिकामे करवले होते आणि माणसे आरस नदीत लोटली होती. घोड्याची शेपटी धरून आजी तेवढी वाचली होती. मरूआई नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "तिथं दोर टाकायला कुणी नव्हतं. वखार उघडा."

ओहानने वखार उघडली. लाल कापडाचे तागेच्या तागे बाहेर आले. बायाबापड्यांनी ते पिळले, गाठी मारून जाड दोर केला. धावजी भोई सुक्या भोपळ्यांची सांगड छातीशी बांधून पुरात शिरला आणि दोराचे टोक घेऊन या काठाला लागला. दुसरे टोक पलीकडच्या चिंचेला बांधले होते. दोराला धरून गाव उतरू लागले. एकेकाच्या हाती दोर देत नवराबायको मागे राहिले.

शेवटच्या बायका मधल्या धारेत होत्या आणि स्वार आले. ओहान आडवा झाला. त्याला तिथेच कापले. मरूआईने चिंचेजवळचा दोर स्वतःच्या कमरेला गुंडाळला आणि खडकाला पाय रोवून बसली. स्वारांच्या म्होरक्याला ती फारसीत म्हणाली, "त्यांना काठ लागू दे. मग मला मार."

 त्याने चिंचेकडचा दोर तोडला. सगळा ताण तिच्या कमरेवर आला. ती हलली नाही. पुन्हा वार कुणी केला नाही. का, ते कोण जाणे. स्वार उभे राहून बघत होते, असे सांगतात.

पाठीला तान्हे बांधलेली गंगू कुंभारीण सर्वांत शेवटी होती. तिचे पाय इकडच्या चिखलाला लागले आणि तिने वळून पाहिले. त्याच वेळी मरूआईच्या पायाखालचा खडक निसटला.

इकडचे लोक दोर ओढत राहिले. टोकाला ती आली. जीव उरला नव्हता.

तिच्या धर्मात पुरतात, एवढे लोकांना ठाऊक होते. इथे एकही घर नव्हते तेव्हा ही कबर झाली, आणि तिच्याभोवती गाव बसले. दगड पुढे सुरतेच्या अर्मनींनी कोरवून पाठवला. पूर ओसरल्यावर माणसे पलीकडे गेली. घरांची राख सापडली. ओहान सापडला नाही.

आजही सर्वपित्रीला रंगारपिंप्रीत घरोघरी दोन पाने जास्त वाढतात. एक या दगडापाशी ठेवतात. दुसरे, ओहानचे, तापीच्या पाण्यात सोडतात आणि ते दिसेनासे होईपर्यंत काठावर उभे राहतात. ते पलीकडे लागलेले अजून कुणी पाहिलेले नाही.