डॉक्टर दिसावा तर असा

ट्रस्टचे अध्यक्ष दादासाहेब खर्डेकर निखळलेला खांदा धरून आपल्याच दवाखान्यात आले. समोर डॉक्टर कुमुद तांडेल, प्लास्टरने माखलेल्या साडीत. दादासाहेब पेशंटांदेखत खेकसले, "हा काय अवतार? असल्या डॉक्टरवर कोण विश्वास ठेवील? तो बाकावरचा बघा. टाय, चकाकते बूट. डॉक्टर दिसावा तर असा."

सकाळपासून पाण्याचा घोटही न घेतलेल्या कुमुदचं डोकं फिरलं. तिने त्या टायवाल्याला हाताला धरून दादासाहेबांसमोर आणलं. "धर यांचा हात आणि दे हिसका."

तो पांढराफटक पडला. "मॅडम, मी औषधकंपनीचा माणूस. गोळ्या खपवायला आलोय."

"साहेबांना तू डॉक्टर दिसतोस ना? मग झालं. ओढ."

दादासाहेबांनी मुकाट्याने दुखरा हात कुमुदच्या माखलेल्या हातात दिला.