सुईणीची तीन घड्याळं

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला विचारू नका. मनगटावर घड्याळ बांधायची चाल तेव्हा होती, पण बांधायला घड्याळं फार थोडी होती, एवढंच सांगतो.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथे एक म्हातारी सुईण राहायची. तिच्याकडे तीन घड्याळं होती, आणि साऱ्या गावात तेवढीच. सुईणीला घड्याळं कशाला, म्हणाल. अहो, जन्मवेळ नको का? बाळ रडलं की तिची नजर मनगटाकडे जायची, आणि ती सांगेल त्या वेळेवर जोशीबुवा पत्रिका मांडायचे. कुणाचं नशीब चांगलं निघालं, तर त्यात थोडा वाटा तिच्या घड्याळाचाही असायचा.

रोज सकाळी ती तिन्ही घड्याळांना किल्ली द्यायची, एकेक कानाशी धरून ऐकायची आणि मगच चूल पेटवायची.

तिचा मुलगा तांबट होता. त्यानं घडवलेल्या हंड्यात तोंड बघून घ्यावं. आईवर त्याचा फार जीव. एके सकाळी आईच्या हातातून घड्याळ निसटून गोधडीवर पडलं, तेव्हा तो घाबरला.

"आई, आता तू यांना हात लावायचा नाहीस. मी जपतो."

"अरे, पण तुला त्यातलं काय कळतं?"

"त्यात काय कळायचंय? तू आता आराम कर."

घ्या! म्हाताऱ्या माणसाला 'आराम कर' म्हणणाऱ्याला वाटतं, आपण मोठं पुण्य केलं.

त्यातलं एक घड्याळ पार काळवंडलेलं होतं. ते पाहून तांबटाचे हात शिवशिवले. त्यानं चिंच घेतली, राख घेतली, आणि तांब्या घासावा तसं ते घासून पाण्याखाली धरलं. घड्याळ लख्ख झालं आणि बंद पडलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! भीतीनं त्यानं तिन्ही घड्याळं रेशमी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली आणि वर कुलूप लावलं.

सकाळी उठून करायचं काय, हेच आता आईला कळेना. ती उशिरा उठू लागली, पुढे उठेनाशी झाली. ताटातलं अन्न तसंच राहू लागलं. वेशीजवळच्या घरून, दिवस भरत आलेल्या सुनेला बघायला बोलावणं आलं, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझं काम संपलं. दुसरी कुणी बघा."

आई अशीच विझून जाणार, असं मुलाला वाटलं. निदान तिची घड्याळं तरी चालू करावीत म्हणून त्यानं पेटी उघडली. तिन्ही मुकी! त्यानं ती उचलली आणि नगरातल्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे धाव घेतली.

घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावून लख्ख घड्याळ उघडलं. "चिंच लावलीस?"

मुलानं मान खाली घातली.

"तांब्या आतून रिकामा असतो, बाबा. याच्या पोटात चाकं असतात." त्यानं ते सुकवलं, तेल दिलं. घड्याळ चालू लागलं, पण तबकडीवर पाण्याचा डाग राहिला. मग त्यानं उरलेल्या दोन घड्याळांना नुसती किल्ली दिली. तीही चालू लागली.

"यांना काय झालं होतं?" मुलानं विचारलं.

"काही नाही. रोज किल्ली कोण द्यायचं?"

"आई."

"मग कोणतं घड्याळ कसं चालतं, हे तिला विचारलंस का कधी?"

"तिला त्रास नको, म्हणून..."

"आणि आता ती मजेत आहे?"

मुलाला रडूच कोसळलं.

घरी येऊन त्यानं घड्याळं आईच्या पुढ्यात ठेवली. "चुकलो, आई. यातलं कोणतं कसलं, सांगशील मला?"

आई भिंतीला टेकून बसली. तिनं एक घड्याळ कानाशी धरलं. "हे जहागीरदारीणबाईंनी दिलेलं. रोज मागे पडतं. मोठ्या घरचं ना, त्याला कसली घाई! हे दुसरं नावाड्याचं, त्याला जुळं झालं तेव्हाचं. याचा पट्टा घामानं कुजतो, उन्हाळ्यात बदलायचा." तिसरं तिनं उलटसुलट करून पाहिलं. "आणि हे तुझ्या बाबांनी आणलेलं. तू जन्मलास ती वेळ मी यावर पाहिली. हे रे काय केलंस याचं?"

मुलानं चिंच आणि राख लावल्याचं सांगून टाकलं.

"असू दे. चालतंय ना? बघ, किल्ली सकाळी द्यायची. अडलं की थांबायचं, जोर करायचा नाही. पुसायचं कोरड्या मऊ फडक्यानं. आणि तुझी ती चिंच आमटीत घाल!"

दुसऱ्या दिवशी तांबटाला जाग आली ती चुलीच्या धुरानं. वेशीजवळच्या सुनेला कळा लागल्या, तेव्हा आई स्वतःच्या पायांनी गेली आणि पोरीची जन्मवेळ सांगूनच परतली.

पुढे कितीतरी वर्षं रोज सकाळी मायलेक घड्याळांपाशी बसायचे. आई किल्ली द्यायची, मुलगा ऐकायचा. अखेर तिच्या बोटांत जोर उरला नाही, तेव्हा तिनंच तिन्ही घड्याळं त्याच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाली, "आता तू दे. तुला येतं."

तात्पर्य: आईवडिलांच्या वस्तू त्यांच्या हातातून काढून जपता येत नाहीत, त्यांच्या हाताखाली शिकूनच जपाव्या लागतात.