चौरंगाची खालची बाजू

झाडं आणि हत्यारं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. रखमाजी सुतार घरासाठी चौरंग करत होता. रंधा वरून फिरला, सालीसारखे छिलके उडाले आणि फणसाची फळी पार भेदरून गेली.

"रंधेदादा, पाया पडते! खालची बाजू तरी सोड. तिथं कोण बघायला जातंय?"

रंध्याला दया आली. तो अडूनच बसला, तसा रखमाजीही कंटाळला आणि त्याने खालची बाजू खरखरीतच ठेवून पाय ठोकले.

वरून चकचकीत झालेली फळी घरात मिरवू लागली. एक दिवस रखमाजीची रांगती नात गोदी चौरंगाला धरून उभी राहिली. अंगठे वर आणि बोटं खाली, अशी तिने कड धरली. कोवळी बोटं कुसळांकडे सरकली, तसं फळीच्या काळजात धस्स झालं. अंग चोरावं तर पोर पडेल, न चोरावं तर कुसळ रुतेल! ती जीव खाऊन करकरली.

रखमाजी धावत आला. त्याने नातीला उचललं, चौरंग उलटा करून तळवा फिरवला आणि रंधा घेतला.

"काय गं, आता भीती नाही वाटत?" रंध्याने विचारलं.

"वाटते की, दादा. पण तू चालव. दाबून चालव."