मंजाक्काचा सैल टाका

पाणी मोटेनं वर यायचं आणि कातळवेढ्याला रस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात मंजाक्का नावाची बाई चामडं शिवायची, आणि तेही मशीनवर. पंचक्रोशीत तेवढं एकच मशीन होतं. तिच्या नवऱ्यानं, रायबानं, पलटणीच्या खोगीरखान्यात बारा वर्षं राबून ते मिळवलं होतं आणि बैलगाडीत गवतावर निजवून घरी आणलं होतं. वाटेत त्यानं स्वतः उन्हात चालून मशीनवर छत्री धरली, असं म्हणतात.

रायबाचा टाका फार देखणा. जाड दोरा, टाके अगदी जवळजवळ, आणि ताण इतका की दोरा चामड्यात रुतून बसायचा. लोक त्याचं खोगीर उन्हात धरायचे आणि म्हणायचे, ही शिवण नव्हे, मुंग्यांची रांग आहे.

गावची विहीर साठ हात खोल, कातळात खोदलेली, तोंडाशी अरुंद. दर चैत्रात तिचा झरा मोकळा करावा लागे. त्यासाठी माणसाला चामड्याच्या झोळीत बसवून खाली सोडत, म्हणजे पहार चालवायला दोन्ही हात मोकळे राहत. झोळी रायबाच शिवायचा आणि उतरायचाही तोच. एका चैत्रात, भर दुपारी, निम्म्या वाटेवर झोळी फाटली आणि रायबा तळाशी गेला.

गाव म्हणालं, आसरांनी नेला. पाण्यातल्या त्या सात बहिणींची नजर चांगल्या माणसावरच जाते. दोराला लटकून वर आलेली झोळी मंजाक्कानं पदराखाली घरी नेली, दार लावलं आणि शिवणीवरून बोट फिरवत बसली. दोरा कुठंच तुटला नव्हता. फाटलं होतं ते चामडं, सुईच्या भोकांच्या ओळीतून, सरळ. ओलीनं चामडं मऊ पडलं, दोरा आवळला आणि त्यानं सुरीचं काम केलं होतं.

तिनं झोळी चुलीत घातली. दहाव्याला गाव विहिरीवर जमलं तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "दोरा कच्चा निघाला. सैल पडला." नवऱ्याच्या हाताला नाव ठेवायला तिची जीभ वळली नाही.

पुढच्या चैत्रात झरा पार बसला. बायका तळातला चिखल फडक्यातून गाळून नेऊ लागल्या. उतरायला तयार झाला शिदू, रायबाचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेलेले, त्याला रायबानंच पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. झोळी शिवायचं काम मंजाक्काकडं आलं.

तिनं जाड सुती दोरा बाजूला सारला आणि जवसाच्या वाखाचा बारीक दोरा मेण चोळून घेतला. टाका लांब ठेवला. वरचा दोरा दाबून धरणाऱ्या दोन चकत्या असतात, त्यांचा पेच दीड वेढा सैल केला. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ चामड्याच्या पोटात बसावी, वर दिसू नये आणि खालीही दिसू नये, एवढाच ताण तिला हवा होता.

शिदू दारात उभा राहून बघत होता. "वैनी, मला हिरीत सोडायचंय का पतंग उडवायचाय? दोरा बघा की जरा."

"जाड दोऱ्याला मोठं भोक लागतं. भोकानंच चामडं मरतं. दोरा तुटला तर परत शिवता येतो."

"आणि मी तुटलो तर?"

"तुला शिवायला तुझी बायको हाय की. जा, पहारीला धार लाव."

तो गेला. मंजाक्का घागरीतलं घोटभर पाणी पिऊन आली, तर पेच आवळलेला होता, बरोबर दीड वेढा. तिनं तो सैल केला आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन मागं वळून पाहिलं. लख्ख उजेड होता, खोलीत कुणी नव्हतं, आणि पेच आपोआप फिरत होता. दोरा ताणला गेला आणि गुणगुणू लागला. विहिरीच्या बाजूनं तसंच गुणगुणणं ऐकू आलं, असं म्हणतात.

तिसऱ्यांदा तिनं पेच चिमटीत धरून ठेवला. तो तिच्या बोटांखालीच फिरला. जोरानं नव्हे; निजलेल्या लेकराचा हात अलगद बाजूला करावा, तसा.

तेव्हा तिला कळलं. तिनं विहिरीवर जे सांगितलं होतं, ते खाली पोचलं होतं. आपण सैल शिवलं म्हणून मेलो, अशी रायबाची समजूत झाली होती, आणि आता भावासाठी तो जीव तोडून ताण वाढवत होता.

"धनी, तसं नव्हतं," ती मशीनला म्हणाली. पेच क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरला. बंद खोलीतलं कुजबुजणं त्याला पटेना. खोटं तर तिनं चारचौघांत सांगितलं होतं.

मंजाक्कानं चौघांकडून मशीन उचलवून विहिरीच्या काठावर ठेवलं. ऊन माथ्यावर होतं. गाव गोळा झालं. ती विहिरीत वाकली.

"धनी, दोरा सैल नव्हता. दोरा तुटलाच नाय. तुमचा हात घट्ट पडला, तुमच्याच टाक्यानं चामडं फाटलं. मी खोटं बोलले, तुमचं नाव राहावं म्हणून."

रायबाचा चुलता पुढं आला. "मेलेल्या माणसाची अब्रू काढतीस, सूनबाई?"

"जित्याचा जीव राखतीया, मामंजी."

विहिरीतलं गुणगुणणं चढत गेलं. बायकांनी कानांवर हात ठेवले. मग तो आवाज उतरत उतरत खाली गेला आणि थांबला. सगळ्यांच्या देखत पेच उलटा फिरला. एक वेढा, मग अर्धा. आणि जरा थांबून, आणखी पाव.

मंजाक्कानं तुकडा शिवून पाहिला. तिच्या ताणावर गाठ थोडी वर येत होती. आता ती नेमकी पोटात बसली. तो पाव वेढा तिनं तसाच ठेवला आणि तिथंच, काठावर बसून झोळी पुरी केली.

शिदू उतरला. झरा फुटला, आणि तो वर येईपर्यंत पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. त्यानं सांगितलं, की निम्म्या वाटेवर अंधारात कुणीतरी झोळीच्या शिवणीवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मग?" मंजाक्कानं विचारलं.

"मग काय नाय. मला जरा थोपटलं."

आता मोट गेली, झोळीही गेली. पण कातळवेढ्यात अजून कुणी विहिरीत उतरायचं असलं, की आधी मंजाक्काचं नाव घेतात. ज्यानं दोर वळला, ज्यानं कप्पी बसवली, त्या प्रत्येकानं विहिरीत वाकून आपल्या कामात काय उणं राहिलंय ते मोठ्यानं, सगळ्यांसमोर सांगायचं. तोवर माणूस खाली सोडत नाहीत. मागं तालुक्याहून पंप बसवायला एक मिस्त्री आला होता. त्यालाही वाकायला लावलं. तो हसतच वाकला, "माझं सगळं ओके आहे," म्हणाला. खालून त्याचा आवाज परत आला नाही. तो तसाच वाकून राहिला. मग उठला, कुणाकडं न बघता पान्हा घेतला, आणि बंद केलेली मोटारची पेटी पुन्हा उघडायला लागला.