बोकडाचा होकार

कातळगडावर देवीपुढे बांधलेल्या बोकडाने अंग झाडलं आणि देवजी गुरवाने जाहीर केलं, "कौल मिळाला. बोकड राजी आहे."

पौषातली सकाळ, टाक्यातलं गार पाणी, तेही घागरभर डोक्यावर ओतलेलं. राजी न होऊन बिचारा जातो कुठे? रिवाजच तसा होता. पाण्याने बोकड शहारला की मरायला त्याची हरकत नाही असं समजायचं. नाहीच शहारला, तर शहारेपर्यंत पाणी ओतायचं.

सुरी बाहेर निघाली, तोच गडावर पाणी भरणाऱ्या कोळ्याची मुलगी चिमा धावत आली आणि बोकडाच्या गळ्यात पडली. त्याची आई मेल्यावर हे पिल्लू तिनेच चिंधीने दूध पाजून जगवलं होतं.

"महाराज, तो राजी नाही."

रणधवल महाराजांना सपाटून भूक लागली होती, आणि भुकेल्या पोटी त्यांना न्याय करायची फार हौस. ते म्हणाले, "बरं. दुपारपर्यंत त्याच्या तोंडून नकार मिळव, सोडून देतो. नाहीतर रस्सा."

"तोवर मी काही बोलले, काही केलं, तर शिक्षा?"

"अभय दिलं." बोकड बोलत नाही, एवढं महाराजांना नक्की ठाऊक होतं. त्यांनी मिशीवर ताव दिला. "आणि पोरी, आम्ही पडलो सिंहाच्या जातीचे. सिंह काय भाजीभाकरी खातो?"

"नाही महाराज. पण तो मसालाही वाटत नाही. सुरी ठेवा बाजूला, बोकड सोडते, आपण झेप घ्या."

महाराजांनी आपल्या पोटाकडे पाहिलं आणि झेपेचा विषय सोडून दिला. "मांसाशिवाय अंगात ताकद कुठून यायची?"

"आपण ज्या हत्तीवरून आलात त्याला विचारावं लागेल. तो काय, रोज पाला खाऊन अशक्त झालेला."

आता गुरवाला राहवेना. मुंडी आणि कातडं त्याच्या वाट्याचं होतं, त्यामुळे धर्माची काळजीही त्यालाच. "अगं, पाल्यातही जीव असतो! त्याची दया नाही आली तुला?"

"काका, डोळ्यांत पाणी आलं हो तुमच्या. पण या बोकडाने अर्धा डोंगर खाल्लाय. पाल्याची एवढी कणव असेल तर थेट पालाच खा, पुष्कळ कमी मरेल."

"वाद पुरे," महाराज म्हणाले. "नकार कुठाय?"

चिमाने टाक्यातून घागर भरली आणि काही कळायच्या आत महाराजांच्या डोक्यावर रिकामी केली. महाराज नखशिखांत थरथरले. शिपाई धावले, पण अभय आठवून जागीच थांबले.

चिमा शांतपणे म्हणाली, "गुरवकाका, कौल मिळाला. महाराज राजी आहेत. आणा सुरी."

"कोण राजी?" महाराज ओरडले. "थंडीने शहारलो मी! नाही! मुळीच नाही!"

"टाकं तेच, पाणी तेच, शहाराही तोच. तो 'हो' असेल तर आपणही 'हो' म्हणालात. 'नाही' असेल तर बोकडही सकाळीच 'नाही' म्हणाला, आपल्याला ऐकू आलं नाही एवढंच. कोणता अर्थ घ्यायचा ते महाराजांनी ठरवावं. काका सुरी घेऊन उभेच आहेत."

गुरवाने घाईघाईने सुरी पाठीमागे लपवली. ते पाहून महाराजांना हसू फुटलं. दात कडकडा वाजत होते आणि त्यातूनच ते खदखदा हसत होते. अंगावरची कोरडी उरलेली एकच वस्तू म्हणजे कमरेची मोहरांची थैली. ती त्यांनी चिमाकडे टाकली, बोकडाचा दोर तिच्या हाती दिला आणि गडाखालचं कुरण दोघांच्या नावे केलं.

"आणि यापुढे," ते शिपायाने आणलेल्या शालीत गुरफटत म्हणाले, "ज्याला बोकडाचा कौल घ्यायचाय, त्याने आधी स्वतः घागरीखाली बसावं. देवजी, तुमच्यापासूनच सुरुवात करू या का?"

देवीला कोहळाही चालतो, हे देवजी गुरवाला त्याच क्षणी आठवलं.